डाव्या खांद्यामागे

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज साहेबांना सांगून टाकलं. पाय आता साथ देत नाहीत, महिनाअखेरीला मोकळं करा. गेला आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्याची भाषणं लिहिली आणि स्वतःच्या वेळेला दोन ओळी सुचेनात. शेवटी डॉक्टरांना पुढे केलं. डॉक्टर म्हणाले होते, "पायांच्या शिरांची काय दशा करून घेतलीत! कामाला जाता की खांबाला बांधून ठेवतात तुम्हाला?" दोन्ही एकच, असं सांगायचं जिभेवर आलं होतं. त्यांनी घट्ट, गुडघ्यापर्यंतचे मोजे दिलेत. ते चढवतानाच निम्मा जीव जातो.

साहेब सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं. मग त्यांना नीट निरोप द्यायला हवा. चांगला समारंभ करा."

'त्यांना' म्हणाले. साहेबांचा विनोद असाच, कोरडा. मी हसलो. खोलीबाहेर आल्यावर मात्र बाकावर जरा टेकलो. निदान 'का रे?' तरी म्हणतील असं वाटलं होतं. तरुणपणापासून मला अरे-तुरे करणारा हा माणूस गेल्या वर्षापासून 'अहो' म्हणू लागलाय. आमची ही म्हणते, काहीतरी बिनसलं असेल. मी म्हणतो, वयाचा मान देत असतील. उशिरा का होईना.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या जागेवर एक बाई आल्या. चाळिशीच्या, चटपटीत. आधी एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीमागे बसायच्या, म्हणजे त्रासलेल्या माणसांची सवय आहे. मला 'काका' म्हणतात. इथे सगळेच म्हणतात.

पत्रं, शिफारशी, शोकसंदेश, भाषणं हे कुणीही शिकेल. स्वीय सहायकाचं खरं काम उभं राहण्याचं. साहेब लोकांत गेले की त्यांच्या डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे राहायचं. डावीकडेच, कारण उजवा कान एका सभेत कर्ण्याशेजारी बसून कामातून गेला. समोरून माणूस येताना दिसला की तो पोचायच्या आत त्या कानात तीन गोष्टी घालायच्या. नाव, नातं आणि काय विचारायचं. 'लाकडाच्या वखारीचे मालक. शाळेत तुमच्या मागच्या बाकावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते विचारा, मुलाचं नाव काढू नका.' मग साहेब दोन्ही हात पुढे करतात, नावाने हाक मारतात, आणि तो माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो की साहेब अजून मला विसरले नाहीत. आमच्या निवडणुका अशा जिंकल्यात.

"ओठ हलता कामा नयेत," मी बाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या आरशासमोर करून बघितलं. वाईट नाही जमलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या निरोप समारंभाची तयारी माझ्याच गळ्यात पडली. आजवरचे सगळे निरोप मीच केले, त्यामुळे दुसऱ्या कुणाला येत नाही. खजिनदार विचारायला आला, "काका, सत्कारमूर्तींची खुर्ची साहेबांच्या कुठल्या बाजूला?" मी सवयीने म्हणालो, "उजवीकडे. आणि जरा मागे ठेवा, नाहीतर फोटोत तेच पुढे येतात." तो मान डोलावून गेला. नंतर लक्षात आलं की बसणारा मी आहे. मानपत्राचा मसुदाही तपासायला माझ्याकडेच. त्यात 'निष्ठावंत' हा शब्द जागोजागी पेरला होता, एक ठेवून बाकीचे काढले.

दुपारी साहेबांनी बोलावलं. "महिनाअखेरीला कुणाचा तरी निरोप आहे ना? भाषण लिहून ठेवा. जरा मनाला भिडेल असं."

"लिहितो," म्हणालो. काय म्हणणार? जागेवर येऊन कागद ओढला आणि 'गेली कित्येक वर्षं सावलीसारखे सोबत' इथपर्यंत लिहूनही झालं. मग पेन खाली ठेवलं.

कुणाचा तरी! कितीही मोठा माणूस असला तरी असं बोलू नये. मला लागलं ते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हिला सांगितलं. आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे तुम्हीच तुमचं कौतुक लिहिणार, साहेब वाचणार, आणि तुम्ही खुर्चीत बसून लाजणार!" मग पदराने डोळे पुसून ताटं वाढली. जेवताना म्हणाली, "नका लिहू." ताटं उचलताना पुन्हा तेच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना नाही म्हणालो.

म्हणालो, "साहेब, भाषण लिहिणार नाही. मला घड्याळ नको, भेटवस्तू नको. तुम्ही माझ्याबद्दल दोन वाक्यं बोला. दोनच. पण कागदाशिवाय, तुमच्या मनातली."

साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतकं नीट त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नसेल. मग म्हणाले, "कुणाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"हो, हो. बोलायलाच हवं." आणि माझा हात थोपटला. नवीन कार्यकर्त्याचा थोपटतात तसा.

घरी येताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भीक मागून आल्यासारखं वाटलं. पण मागितलं ते मागितलं, आता मागे घेणार नाही. एवढी वर्षं त्यांच्या तोंडी माझी वाक्यं घातली, त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. मला जाताना त्यांची दोन हवीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, रागावू नका. काल गाडीत साहेब मला म्हणाले, माझ्या भावाला फोन लावा."

साहेबांचा भाऊ मागच्या हिवाळ्यात गेला. सांत्वनाच्या पत्रांना उत्तरं मीच लिहिली.

"मी आठवण करून दिली तर असे रडले, जसं काही आत्ताच कळलं. आणि परत येताना पुन्हा म्हणाले, भावाला फोन लावा. दवाखान्यात अशी माणसं मी पाहिलीत, काका. कुणीतरी घरी बोलायला हवं."

मी बाईंना चांगलंच झापलं. भावाभावांची माया असते, त्यात दवाखाना कुठे आला? साहेबांच्या डोक्यात संपूर्ण मतदारसंघ आहे. पुढच्या महिन्यात उमेदवारी ठरायचीय. माझ्या समारंभाला पक्षाचे निरीक्षक येणार आहेत, ते काही माझी फुलं बघायला नाही. साहेब अजून दमदार आहेत की नाहीत हे बघायला येताहेत. एवढ्या ताणात माणूस इकडचं तिकडे बोलणारच.

पूर्वी मी परक्या लोकांचीच नावं सांगायचो हे खरं. हल्ली पदाधिकाऱ्यांचीही सांगावी लागतात. मागच्या महिन्यात साहेबांच्या जावयाचं सांगितलं, तेही जावयाच्याच घरात. पण जावई दाढी वाढवून बसला होता, मीसुद्धा क्षणभर चाचरलो होतो. बाईंना हे सांगत बसलो नाही. काम शिकायच्या आधी निदान करायला निघाल्यात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी आमच्या घरी आल्या! साहेबांच्या लग्नापासून मी त्यांना ओळखतो, पण आमचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या. हिची धांदल उडाली. मी बनियनवर होतो, शर्ट उलटा घातला ते वहिनी गेल्यावर कळलं.

"भाऊजी, भाषण तुम्हीच लिहून द्या."

"वहिनी, मी साहेबांना सांगितलंय..."

"माहीत आहे काय सांगितलंय ते. घरात रोज आरशासमोर उभे राहून पुटपुटत असतात. जेवणावर लक्ष नाही. लिहून द्या ना. मोठ्या अक्षरात."

मला राग आला. आजवर वहिनींवर कधी आला नव्हता. म्हणजे माझ्यावर दोन वाक्यं बोलायची तर साहेबांना घाम फुटतो, आणि ते त्रासातून सुटावेत म्हणून घरची माणसं रदबदली करायला येतात. मी म्हणालो, "एवढं जड जात असेल तर काहीच बोलू नका म्हणावं. मला चालेल."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फार वाईट बोललो होतो. "तसं नाही हो भाऊजी," एवढंच म्हणाल्या. चहा तसाच राहिला. ही त्यांना खालपर्यंत सोडून आली आणि म्हणाली, "जिन्यात रडत होत्या."

"सर्दी असेल," मी म्हणालो.

"तुमचं ना," ही म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मला विचारायचा धीर झाला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खुर्च्या आल्या. पाय सुजलेत. बाईंना शेवटची सूचना दिली, उद्या साहेबांच्या मागे उभं राहायचं नाही, पहिल्या रांगेत बसायचं. उद्या साहेब आपल्या मनाने बोलणार आहेत.

"काका, मी कडेला उभी राहते ना. न दिसेल अशी."

"नाही म्हटलं ना."

मी उगाच आवाज चढवला. थकलोय मी, दुसरं काही नाही. कुणी विचारलं की छान वाटतंय म्हणतो. छान काही वाटत नाही. एकदाचं होऊन जाऊ दे असं वाटतं.

१ मार्च, शनिवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सकाळी लिहितोय.

सभागृह भरलं होतं. लोक खरोखर आले होते, मी ज्यांची नावं आयुष्यभर सांगितली ते सगळे. ही दुसऱ्या रांगेत, शेजारी वहिनी. निरीक्षक अगदी समोर, हाताची घडी घालून. माझ्या छातीवर फूल लावलं होतं आणि मी उजवीकडे, जरा मागे बसलो होतो. मंचावर खुर्चीत बसायची सवय नाही, हात कुठे ठेवावेत कळेना.

साहेब उभे राहिले. "मित्रहो, आज आनंद मानावा की दुःख, हेच कळत नाही." टाळ्या. हे वाक्य माझंच, फार जुनं. म्हटलं असू दे, सुरुवातीला आधार लागतो. पुढे साहेब म्हणाले, "यांच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या." हे मी कधीकाळी एका मुख्याध्यापकांसाठी लिहिलं होतं. लोक जरा हसले. साहेबांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं. ते थांबले. "हे जे आपले... आज ज्यांना आपण..."

आणि त्यांनी मान डावीकडे वळवली.

तिथे कुणी नव्हतं. मीच कुणाला ठेवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा वळवली, मग पार मागे वळले. ही मान मी हजारदा वळताना पाहिलीय, पण मागून. मागून फक्त कान आणि कॉलर दिसते. काल पहिल्यांदा बाजूने चेहरा दिसला. साहेब घाबरले होते. बाजारात हात सुटलेलं पोर घाबरतं तसे. डावा हात मागे करून ते हवेत चाचपत होते.

मग मला सगळं कळलं. भाऊ, जावई, 'त्यांना', 'कुणाचा तरी', 'अहो', वहिनी, बाई, सगळं. सगळ्यांना कळून झाल्यावर मला कळलं. जो माणूस आयुष्यभर त्यांच्या इतका जवळ उभा राहिला त्याला. लाजेने कान तापले माझे. या माणसाकडे मी हट्ट धरून नेमकं तेच मागितलं होतं, जे त्याच्याकडे उरलं नव्हतं, आणि तेही निरीक्षकांना समोर बसवून.

बाई अर्ध्या उठल्या होत्या. मी त्यांना हातानेच बसा म्हटलं, उठलो आणि माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे. त्या कानात माझं नाव सांगितलं. ते सांगायची वेळ कधी आली नव्हती. आवाज माझाच मला परका वाटला.

साहेबांनी लगेच दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, भरल्या आवाजात माझ्या नावाने हाक मारली.

"तुमचा स्वीय सहायक," मी म्हणालो. "पायांचं दुखणं आहे. ते विचारा."

"काय, पाय कसे आहेत?" साहेबांनी खुर्चीला विचारलं.

सभागृह हसून हसून लोळलं. लोकांना वाटलं, दोघा म्हाताऱ्यांनी ठरवून गंमत केलीय. शिट्ट्यासुद्धा पडल्या. निरीक्षक घडी सोडून टाळ्या वाजवत होते. वहिनी तेवढ्या हसत नव्हत्या, हिचा हात धरून बसल्या होत्या.

मग सगळं भाषण मी तसंच सांगितलं, एकेक वाक्य. स्वतःबद्दल काय सांगणार? कागदावर लिहिताना कुणाचंही कौतुक सुचतं, उभ्या उभ्या स्वतःचं सुचत नाही. 'तरुणपणापासून माझ्याबरोबर आहेत.' 'चहा गार करून पितात.' 'यांच्या बायकोला यांनी कधी वेळ दिला नाही, तो माझ्यामुळे.' साहेब म्हणत गेले, सुरेख म्हणत गेले. आवाज अजून तोच आहे त्यांचा. लोकांनी डोळे पुसले. 'निष्ठावंत' मी सांगितलं नाही.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. साहेबांनी सवयीप्रमाणे माईकवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे कान केला.

"हे सगळं ज्याच्याबद्दल बोललो, तो आलाय का?"

"आलाय," मी म्हणालो.

"मग त्याला सांगा, जाऊ नकोस. मला त्याचं नाव लक्षात राहत नाही हो, पण तो गेला तर माझं काही खरं नाही."

मागितली होती तेवढीच, दोन वाक्यं, कागदाशिवाय. मी म्हणालो, "सांगतो." फोटोवाला ओरडत होता, जरा इकडे बघा म्हणून. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं.

५ मार्च, बुधवार

वहिनींनी मुलीला बोलावून घेतलं. साहेब या वेळी उभे राहणार नाहीत, प्रकृतीचं कारण देऊन. निवेदन बाईंनी लिहिलं. निरीक्षक म्हणे चक्रावलेत, परवाच्या कार्यक्रमात किती रंगात होते म्हणून. बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, जवळच्यांना उशिराच कळतं," आणि पुढचा फोन उचलला.

काल वहिनींनी विचारलं, रोज घटकाभर येता का? मी 'बघतो' म्हणालो. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे बोलता येणार नाही. मला जायचं नव्हतं. मी दमलोय. सकाळी उठून कुठेही जायचं नाही, एवढंच मला हवं होतं. हिच्याबरोबर संध्याकाळी तळ्यापर्यंत जायचं, परत यायचं, एवढंच. सकाळी हिला म्हटलं, "जाऊ का नको?" ती म्हणाली, "विचारताय कशाला? मोजे तर चढवून बसलात."

दुपारी गेलो. दिवाणखान्यात साहेब एकटेच होते. मी सवयीने त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वळवून वर पाहिलं.

"कुणाला भेटायचंय?"

"तुम्हालाच." नाव सांगितलं.

"बरं, बरं." नाव काही पोचलं नाही. "मग मागे कशाला उभे? असे समोर या. बसा."

वहिनी बसा म्हणायच्या, पाहुणे म्हणायचे. साहेब कधी म्हणाले नव्हते. माझं काम उभं राहण्याचं होतं, त्यात त्यांची चूक नव्हती. आता ते स्वतः उठले, समोरची खुर्ची ओढून माझ्यासाठी सरळ केली आणि मी टेकेपर्यंत तिची पाठ धरून राहिले. मग माझ्या तोंडाकडे बघत बसले. काही सांगायला मागे कुणी नव्हतं.

"फार दमलेले दिसता," साहेब म्हणाले.

मी हो म्हणालो.